हा पाय माझा नाही

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता त्या हॉलच्या जिन्यावर अशी माणसं चढत होती, ज्यांना डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केली होती. हॉल पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. कुणी कठडा धरून, कुणी मेहुण्याच्या खांद्याला लोंबकळत, तर एक बाई पायऱ्यांवर बसून उलटी वर सरकत येत होती. वर पोचलेला प्रत्येक जण मागे वळून म्हणत होता, "बघितलंत? निम्मं दुखणं तर जिन्यातच गेलं."

आत भिंतीवर कुबड्या टांगल्या होत्या, अगदी उंचीप्रमाणे ओळीनं. समोर टेबल, टेबलावर पांढरी चादर, बाजूला कॅमेरा. टेबलावर पडलेल्या माणसाचा गुडघा मागच्या पडद्यावर दाराएवढा दिसायचा. इतका मोठा गुडघा पाहिला की माणसाला आपला गुडघा अगदीच क्षुल्लक वाटू लागतो आणि तो बरा होणं सहज शक्य आहे असंही वाटतं.

चौथ्या रांगेत कुबड्या मांडीशी टेकवून रंगारी बसला होता. घरं रंगवणं हा त्याचा धंदा. चार आठवड्यांपूर्वी शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून उतरताना त्याचा पाय फरशीत रुतल्यासारखा थांबला आणि वरचा माणूस मात्र वळला. आतून 'कट्' असा आवाज आला. फोटो काढले, मशीनमध्ये घातलं, आणि हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं की गुडघ्याच्या आतलं लिगामेंट पूर्ण तुटलंय.

रंगाऱ्याच्या डावीकडे त्याची बायको होती. ती सोफे दुरुस्तीच्या कारखान्यात कामाला होती. सोफ्याच्या तळाला जे रुंद पट्टे ताणून ठोकतात ते तिचं काम, म्हणून कारखान्यात तिला पट्टेवाली म्हणत. उजवीकडे रंगाऱ्याची मोठी बहीण होती. हॉलचा पत्ता तिनं शोधला होता, एकवीस दिवसांचा नियम तिनंच फोनवर विचारून घेतला होता आणि येताना पाण्याची बाटलीही तिनंच आणली होती. त्यामुळे आज काही बरं झालं असतं तर श्रेयाचा मोठा वाटा तिचाच होता.

"एकवीस दिवस का थांबायचं म्हणे?" पट्टेवालीनं विचारलं.

"शरीर शांत व्हायला लागतं, वहिनी. त्याआधी गुरुजी हात लावत नाहीत."

"आणि शांत झाल्यावर?"

"मग जोडतात. तुम्ही आधी मनातून प्रश्न काढा बघू."

पट्टेवालीनं पाण्याची बाटली मांडीवर घेतली आणि प्रश्न आहेत तिथेच राहू दिले.

खरं तर प्रश्न रंगाऱ्याच्याच मनात होते आणि ते त्याला सोसत नव्हते. हाडांच्या डॉक्टरांनी त्याला दोन वाटा दाखवल्या होत्या. एक, ऑपरेशन: तुटलेलं शिवून सहसा जुळत नाही, म्हणून त्याच्याच मांडीमागची एक दोरी काढून तिथं नवीन लिगामेंट बसवायचं. दुसरी, आधी तीन महिने नेटानं व्यायाम, मग गुडघा दगा देतो का ते पाहायचं, आणि देत असेल तर ऑपरेशन. "हाडांमधली आतली गादी अजून शाबूत आहे, त्यामुळे घाई नाही," डॉक्टर म्हणाले होते. "तुम्हाला कुठलं लागू पडेल ते आज सांगता येणार नाही. करून बघू."

घरी आल्यावर रंगारी दोन दिवस त्या 'बघू'वरच चिडला होता. "एवढा शिकलेला माणूस, आणि बघू म्हणतो. मी गिऱ्हाइकाला म्हटलं, भिंत हिरवी होईल की निळी ते बघू, तर मला घरात घेतील का?"

हॉलमधले गुरुजी, ज्यांना लोक जोडगुरू म्हणत, कधीच 'बघू' म्हणत नसत. सगळी गर्दी त्यासाठीच जमली होती.

ते आले, पांढऱ्या कपड्यांत, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. "लिगामेंट म्हणजे काय?" त्यांनी विचारलं आणि कुणी उत्तर द्यायच्या आत सांगितलं, "लिगामेंट म्हणजे नातं. मांडीच्या हाडाचं नडगीच्या हाडाशी असलेलं नातं. नातं तुटलं तर तुम्ही काय करता? कात्री घेता? दुसऱ्याच्या घरातलं नातं कापून आणून आपल्याकडे बसवता? नाही. तुम्ही दोघांना समोरासमोर बसवता आणि बोलणं घडवून आणता. मी एवढंच करतो. प्रत्येक पेशीला कान असतात."

रंगाऱ्याचं नाव पुकारलं गेलं. बायकोनं त्याला आधार देत टेबलावर निजवलं आणि मांडीखाली हात ठेवून तिथंच उभी राहिली. गुरुजींनी गुडघा उभा वाकवून ठेवला, पाऊल चादरीवर टेकवलं आणि स्वतः त्या पावलावर अलगद बसले. "डोळे मिटा. तीन वेळा म्हणा, हा पाय माझा नाही. मनापासून. पाय सोडून द्या."

"हा पाय माझा नाही," रंगारी म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाजही सैल पडला होता.

गुरुजींनी दोन्ही हातांनी नडगी पुढे ओढली. पडद्यावर दाराएवढा गुडघा ड्रॉवरसारखा पुढे सरकला. हॉलभर 'अरेरे' झालं. पहिल्या रांगेत शाळेचे खेळाचे मास्तर बसले होते. त्यांचंही तेच लिगामेंट गेलं होतं, पण एकवीस दिवस भरायचे होते, म्हणून ते आज नुसते बघायला आले होते. त्यांनी स्वतःचा गुडघा दोन्ही हातांनी झाकून घेतला.

मग तेल झालं, पुटपुटणं झालं. गुरुजी गुडघ्याला तोंड लावून इतक्या जवळून बोलले की पेशींना कान असले तरी कमी ऐकू येत असावं, असं पट्टेवालीला वाटलं. शेवटी ते ताठ बसले.

"आता तीन वेळा म्हणा, हा पाय माझा आहे. टाच चादरीत रोवा. मूळ धरा. घट्ट."

रंगाऱ्यानं टाच रोवली. गुरुजींनी ओढलं. गुडघा हलला नाही. त्यांनी चेहरा लाल होईपर्यंत ओढलं, तरी नाही. टाळ्यांच्या आवाजात रंगाऱ्याची बहीण रडायला लागली. रंगारी टेबलावरून उतरला, हॉलच्या टोकापर्यंत चालत गेला आणि परत आला. त्याच्या कुबड्यांसाठी खिळा आधीच ठोकून ठेवलेला होता.

पट्टेवालीनं टाळ्या वाजवल्या नाहीत. तिचा हात मांडीखाली होता. टाच रोवल्याबरोबर तिथं दोन दोर उभे राहिले होते, ताठ, वाजवले तर वाजतील असे.

रंगाऱ्यानं लगेच पुढच्या सोमवारपासूनचं नवं काम धरलं. तीन मजली जिन्याची भिंत. शिडी पायऱ्यांवर लावून, तिचा एक पाय आखूड करून, वर चढून रंगवायची. हे काम तो सोडून शहरात दोघांनाच जमत होतं, आणि त्यातल्या एकाला आता चक्कर येत असे.

"डॉक्टरांनी सांगितलेल्या व्यायामाच्या मॅडमकडे एकदा जाऊन या," बायको म्हणाली.

"कशासाठी? जुळलंय."

"अहो, जुळलंय तर दाखवायला काय हरकत आहे."

"बऱ्या माणसानं दवाखान्यात जाऊ नये. तिथं आजार लागतात."

म्हणून मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ती एकटीच गेली. फिजिओथेरपीची खोली छोटी होती. खाटांच्या पायांना रबरी पट्टे बांधलेले होते. एक आजोबा आरशासमोर एका पायावर उभे राहून स्वतःकडे रागानं बघत होते.

"पेशंट कुठे आहे?" मॅडमनी विचारलं. त्या तरुण होत्या आणि विनोद ऐकायचा वेळ नसल्यासारख्या दिसत होत्या.

"पेशंट बरा झालाय."

"कधी?"

"रविवारी. सव्वाअकराला."

मॅडमनी हातातली वही मिटली. पट्टेवालीनं सगळं सांगितलं, पाय माझा नाही, पाय माझा आहे, टाच, दोर. मॅडम मधे एकदाही हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "निजा इथं. गुडघा वाकवा. स्वतःच्या मांडीखाली हात घाला. आता टाच रोवा. काय लागलं?"

"तेच दोर."

"हे मांडीच्या मागचे स्नायू. ते खाली नडगीला मागच्या बाजूनं धरलेले असतात. आतलं लिगामेंट नडगीला पुढे सरकू देत नाही, तेच काम हे बाहेरून करतात. टाच रोवली की ते आवळतात, मग कुणीही ओढो, गुडघा हलत नाही. आम्ही तपासतो तेव्हा याच्याच उलट सांगतो, पाय अगदी सैल सोडा, नाहीतर तुटलेलं कळतच नाही."

"म्हणजे त्यांनी काही जोडलं नाही."

"त्यांनी तुमच्या मिस्टरांचा पाय मिस्टरांनाच धरून ठेवायला लावला. आधी सोडायला सांगितला, मग धरायला सांगितला."

पट्टेवालीला सोफा आठवला. कारखान्यात मागच्याच आठवड्यात एक सोफा आला होता. तळाचा पट्टा तुटलेला, पण कुणीतरी वरचं कापड करकचून ताणून शिवलं होतं. दिसायला नवा. मालकांच्या सासूबाई बसेपर्यंत कुणाला कळलं नव्हतं.

"पण कुबड्या?" तिनं विचारलं. "चालायला लागले ते, मी पाहिलं."

"तीन-चार आठवड्यांत सूज उतरते. तेवढ्यात बहुतेक जण कुबड्या सोडतातच. आमच्याकडचेही सोडतात. आम्ही त्या भिंतीला टांगत नाही, पुढच्या पेशंटला देतो."

एकवीस दिवसांचा नियम पट्टेवालीला आता अगदी व्यवस्थित समजला.

"मॅडम, मग शिडीवरही ते दोर धरतीलच ना?"

"मनात असेल तेव्हा धरतील. पाय घसरतो तेव्हा मन वेळेवर पोचत नाही. मनाशिवाय धरायला शिकवण्यासाठीच हे तीन महिने. आणि न शिकता वर गेले, गुडघा सटकला, तर पडतील ते वेगळंच, आतली गादीही चिरडेल."

गादीचं पट्टेवालीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पट्टा गेला की पुढचा नंबर गादीचाच.

गुरुवारी संध्याकाळी रंगारी पलंगावर पडून रंगांचं कार्ड बघत होता. बायको आली, त्याचा गुडघा वाकवला आणि त्याच्या पावलावर बसली.

"हे काय नवीन?"

"टाच रोवा. म्हणा, पाय माझा आहे."

त्यानं हसत हसत रोवली. तिनं ओढलं. गुडघा जागचा हलला नाही.

"झालं समाधान?"

"आता आधीचं म्हणा."

"आधीचं कशाला? ते बरं व्हायच्या आधीचं होतं."

"बरे झाला असाल तर म्हणायला काय बिघडतंय?"

तो म्हणाला, हा पाय माझा नाही. एकदा, दोनदा, आणि सवयीनं पाय सुटला. तिनं ओढलं. गुडघा ड्रॉवरसारखा पुढे आला.

रंगाऱ्यानं कार्ड बाजूला ठेवलं. "तुझ्या हाताला जोर जास्त आहे. पट्टे ओढून ओढून."

"मग दुसरा पाय ओढते."

दुसरा पाय सैल सोडूनही हलला नाही. मग तो उठून बसला आणि स्वतःच्या हातांनी स्वतःची नडगी ओढू लागला. घट्ट धरून एकदा, सैल सोडून एकदा. सात वेळा ओढलं. आठव्यांदा हात नुसतेच गुडघ्यावर ठेवून बसला.

तिनं मॅडमनी सांगितलेलं सगळं सांगितलं.

"मला कळत होतं," तो म्हणाला. "मंगळवारी न्हाणीघरात वळलो तेव्हा आतून सरकलं. मी तुला सांगितलं नाही."

"का?"

"कापून घ्यायची भीती वाटते गं. आणि डॉक्टरांनी नक्की काही सांगितलं असतं तर भीती कशाला तरी टेकवता तरी आली असती. या माणसानं नक्की सांगितलं."

ती त्याच्या पायाशीच बसून राहिली. "सोमवारचं काम?"

"दुसऱ्याला देतो. चक्करवाल्याला नको, तिसऱ्याला."

रविवारी गुरुजींनी त्याला साक्षीला बोलावलेलंच होतं. दर आठवड्याला मागच्या आठवड्याचे जुळलेले लोक टेबलावर येऊन जुळलेलं दाखवत. बहिणीनं नवीन साडी नेसली होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. रंगाऱ्याला वाटलं, ताईला सांगून पटणार नाही, दिसलं तरच पटेल.

"हे आपले रंगारी," गुरुजी माइकवर म्हणाले. "डॉक्टरांनी यांना मांडी कापायला सांगितली होती." मग ते पावलावर बसले. "टाच रोवा. म्हणा."

"हा पाय माझा आहे," रंगारी म्हणाला आणि पाय सैल सोडला.

गुरुजींनी हसतमुखानं ओढलं. पडद्यावरचा गुडघा दारासारखा उघडला.

गुरुजींनी हलक्या आवाजात सांगितलं, "रोवा ना टाच." रंगाऱ्यानं रोवली. गुडघा घट्ट. सोडली. गुडघा बाहेर. रोवली. घट्ट. दिव्याचं बटण दाबावं तसं त्यानं चार वेळा केलं. कॅमेरा चालूच होता.

"यांच्या मनात शंका आली आहे," गुरुजी माइककडे वळून म्हणाले. "शंका आली की पेशी कान झाकून घेतात. नातं सैल होतं."

"गुरुजी, शिडीवर असताना शंका आली तर?"

"शिडीवर शंका आणायची नाही."

"शंका न आणता शिडी चढणारे आमच्या धंद्यात आहेत. ते लवकर खाली येतात."

कुणीतरी हसलं. खेळाचे मास्तर उठले. त्यांचे एकवीस दिवस आज भरले होते. लंगडत पुढे येत ते म्हणाले, "माझा आज नंबर आहे. माझं जोडा. फक्त आधी आणि नंतर, दोन्ही वेळा मी पाय सैलच सोडणार. ओढायचं तेही सारखंच."

गुरुजींनी घड्याळात पाहिलं. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. त्यांनी जाहीर केलं की आजची ऊर्जा संपली.

मारामारी झाली नाही. खुर्च्याही फेकल्या गेल्या नाहीत. लोक जागीच बसून राहिले, गाडी चुकलेले प्रवासी फलाटावर बसतात तसे. मागच्या रविवारी बसून जिना चढलेली बाई रंगाऱ्याच्या बायकोपाशी आली. "तुमचं तुम्ही गप बसून बघितलं असतं तर काय झालं असतं? मला आठवडाभर बरं वाटत होतं."

"वाटत होतं, मावशी. जिना उतरताना?"

बाईचा हात गुडघ्याकडे गेला.

"सोमवारी मी यांना व्यायामाच्या मॅडमकडे नेणार आहे. तुम्हीही चला. त्या बऱ्या करतील की नाही मला ठाऊक नाही. पण त्या खोटं सांगणार नाहीत."

जिन्यात बहीण भावाच्या पुढे होती, पाठमोरी. "मला आधी सांगायचं ना," ती म्हणाली. "मी सगळ्या वाडीभर फोन केले."

"ताई, तू माझ्यासाठीच धडपडलीस."

"तेच तर," ती म्हणाली, आणि उरलेल्या पायऱ्यांवरून तिनं त्याला हात धरून उतरवलं.

पुढचे तीन महिने चमत्काराला अजिबात जागा नव्हती. रंगारी आणि मास्तर शेजारशेजारच्या खाटांवर रबरी पट्टे ओढत. एका पायावर उभे राहत. पहिल्यांदा चार सेकंद, मग दहा, मग एक मिनिट. मॅडम वहीत लिहीत आणि कौतुक करत नसत.

तीन महिन्यांत मास्तरांचा गुडघा एकदाही सटकला नाही. मुलांना शिट्टी वाजवून पळवायचं, स्वतः पळायचं नाही, एवढं त्यांना पुरणार होतं. त्यांनी ऑपरेशन करायचं नाही असं ठरवलं. रंगाऱ्याचा गुडघा सपाट जमिनीवर चांगला राहिला, पण शिडीच्या दुसऱ्या पायरीवर दोनदा सटकला. त्यानं ऑपरेशन करायचं ठरवलं. एकच लिगामेंट, दोन माणसं, दोन उत्तरं, आणि दोन्ही बरोबर.

"म्हणजे शेवटी कापायचंच होतं," बहीण म्हणाली. "मग तेव्हाच का नाही कापलं?"

"तेव्हा माहीत नव्हतं, ताई," पट्टेवाली म्हणाली. "आता माहीत आहे. आणि तीन महिने पाय कमावल्यामुळे ऑपरेशननंतरही तो लवकर उभा राहील म्हणतात."

तुमच्या-आमच्यापैकी कुणाचा गुडघा, कंबर, नाहीतर नशीब कधी ना कधी सटकतंच. त्या वेळी कुणी छातीठोकपणे सांगितलं की नक्की बरं करतो, तर एवढंच करावं. बरं करण्याआधी जशी परीक्षा घेतली तशीच नंतर घ्यायला लावावी, त्याच टेबलावर, तशीच सैल. जो खरोखर बरं करतो त्याला त्यात अडचण नसते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रंगारी डॉक्टरांसमोर बसला होता. कागद पुढे होता. "नक्की यश येईल ना?" त्यानं विचारलं.

"बऱ्याच जणांना येतं," डॉक्टर म्हणाले. "सगळ्यांना नाही. काहींना शिडीचं काम कमी करावं लागतं. तुमचं कसं होईल ते मी आज छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही."

रंगाऱ्यानं बायकोकडे पाहिलं. चार महिन्यांपूर्वी याच उत्तरावर तो उठून गेला असता. आपल्याला काय माहीत नाही हे ज्याला सांगता येतं, त्याच्या हातात सुरी द्यायला हरकत नाही, असं त्याला वाटलं. त्यानं पेन मागितलं आणि सही केली.